आमच्यामागे त्याचे कसे होणार?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



दीर्घकाळ मानसिक आजाराशी झुंजणारी व्यक्ती ज्या घरात असते, त्या घरात एक प्रश्न रात्री दिवा मालवल्यानंतर विचारला जातो. दिवसा तो कोणी उच्चारीत नाही. वडिलांनी सत्तरी ओलांडलेली असते, आईचे गुडघे उत्तर देऊ लागलेले असतात, आणि आतल्या खोलीत चाळिशी उलटलेला मुलगा झोपलेला असतो. अशा वेळी आई हलक्या आवाजात म्हणते, “आमच्यामागे त्याचे कसे होणार?” वडील उत्तर देत नाहीत. उत्तर सुचत नाही म्हणून नव्हे, तर सुचलेले प्रत्येक उत्तर मनाला पटत नाही म्हणून. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. हे कोणा एका कुटुंबाचे वर्णन नव्हे. अनेक घरांत थोड्याफार फरकाने जे घडते त्याचे हे चित्र आहे. तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान आहे. थोरला मुलगा महाविद्यालयात शिकत असताना, बावीसाव्या वर्षी, ‘लोक माझ्याविषयी कुजबुजतात’ असे म्हणू लागला. जेवणात काही घातले असल्याचा त्याला संशय येऊ लागला. प्रथम नवससायास झाले, अंगारे-धुपारे झाले, ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ असे सल्लेही मिळाले. दोन वर्षांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेल्यावर आजाराचे नाव समजले: स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता. आज तो त्रेचाळीस वर्षांचा आहे. औषधांमुळे भास-भ्रम पुष्कळ कमी झाले आहेत. सकाळी आई गोळ्या तळहातावर ठेवते, संध्याकाळी तो तासभर दुकानात बसून उलगडलेली ठाणे पुन्हा नीट लावतो, बाकीचा वेळ खोलीत असतो.

एके दिवशी वडिलांना अर्धांगाचा सौम्य झटका येतो. पुण्याचा धाकटा भाऊ धावत येतो आणि म्हणतो, “अण्णा, दादासाठी एक संस्था पाहून ठेवली आहे. महिन्याला पैसे भरले की काळजी नाही.” बहीण विचारते, “पण दादाला कोणी विचारले का?” त्यावर सर्व जण गप्प होतात. शेवटी असे ठरते की, त्याला देवदर्शनाला जाऊ असे सांगून गाडीत बसवावे आणि परस्पर तेथे सोडून यावे. गाडीही ठरविली जाते.

या निर्णयामागे दुष्टपणा नाही. त्यात प्रेम आहे, थकवा आहे आणि भीतीही आहे. तरीही त्यात तीन चुका आहेत. निर्णय फार उशिरा, संकट दारात आल्यावर घेतला गेला. ज्याचे आयुष्य त्यालाच तो सांगितला गेला नाही. आणि मुळात प्रश्नच चुकीचा विचारला गेला. ‘त्याला कोठे ठेवावे?’ हा वस्तूविषयीचा प्रश्न आहे. ‘त्याला काय जमते, कोठे हात द्यावा लागतो, आणि तो हात कोठे मिळेल?’ हा माणसाविषयीचा प्रश्न आहे. निवासाची योग्य निवड या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

आधाराचे मोजमाप

स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार, तीव्र स्वरूपाचे वारंवार येणारे नैराश्य यांसारखे आजार दीर्घकाळ चालू शकतात. औषधांनी भास आणि भ्रम बऱ्याच अंशी आवरतात. परंतु स्किझोफ्रेनियात मागे जे उरते ते घरच्यांना अधिक कोड्यात टाकते. इच्छा मंदावते, बोलणे कमी होते, अंघोळीसारख्या साध्या गोष्टीलाही सुरुवात करणे जड जाते. घरातील माणसे याला आळस म्हणतात. वस्तुतः तो आजाराचाच भाग असतो. रागावल्याने तो जात नाही, आणि सर्व कामे दुसऱ्याने केल्यानेही जात नाही.

म्हणून निवास शोधण्यापूर्वी घरच्यांनी एक वही घ्यावी आणि पंधरा दिवस केवळ निरीक्षण करावे. औषधे तो आठवणीने घेतो की हातावर ठेवावी लागतात? पैसे मोजून देतो का, की कोणीही मागितले तरी देऊन टाकतो? स्वतःपुरता चहा, भात, खिचडी करतो का? गॅस बंद केल्याची खात्री करतो का? एकटा बसने जाऊन परत येतो का? अंघोळ, दाढी, कपडे यांसाठी किती वेळा सांगावे लागते? दिवसातील किती तास त्याच्याजवळ काही काम असते? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजार पुन्हा उसळण्यापूर्वी कोणती चिन्हे दिसतात? कोणाची झोप उडते, कोणी दारे-खिडक्या लावून घेऊ लागते, कोणी औषध टाकून देते.

ही वही भरली की बहुतेक घरांत एक आश्चर्य वाट्याला येते. जी व्यक्ती ‘काहीच करू शकत नाही’ असे वीस वर्षे मानले गेले, ती निम्म्याहून अधिक गोष्टी स्वतः करीत असते, किंवा कधी करूच दिलेल्या नसतात. वर वर्णिलेल्या घरातील मुलाने वीस वर्षांत एकदाही स्वतःची गोळी स्वतः डबीतून काढली नव्हती. कारण आईने ती वेळ कधी येऊच दिली नव्हती. उणीव जेथे आहे तेथेच आधार द्यावा. जेथे उणीव नाही तेथे दिलेला आधार हळूहळू माणसाची शक्ती काढून घेतो.

घर म्हणजे नेहमीच सर्वोत्तम जागा काय?

आपल्या समाजात एक समजूत खोलवर रुजलेली आहे. मुलगा घरी असला तर कुटुंब चांगले; बाहेर ठेवला तर कुटुंबाने हात झटकले. ही समजूत पूर्णतः खरी नाही. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने रुग्णालयातून घरी सोडलेल्या व्यक्तींचा अभ्यास केला. आई-वडिलांकडे अथवा जोडीदाराकडे परतलेल्यांची प्रकृती, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहावयास गेलेल्यांपेक्षा अधिक वेळा बिघडल्याचे त्यांना आढळले. पुढील संशोधनातून कारण स्पष्ट झाले. ज्या घरात सतत टीका होते, राग धुमसत असतो किंवा काळजीपोटी आजारी व्यक्तीला क्षणभरही मोकळे सोडले जात नाही, तेथे आजार पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो. आणि आठवड्यात ३५ तासांहून अधिक काळ समोरासमोर जात असेल तर तो आणखी वाढतो.

यावरून कुटुंबामुळे आजार होतो असा निष्कर्ष मुळीच काढू नये. तसे ते संशोधन सांगत नाही. उलट १९८० च्या दशकात चंदीगड येथे झालेल्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत असे तणावाचे वातावरण लंडनपेक्षा कमी आढळले. कुटुंबाला आजाराची नीट माहिती दिली, बोलण्याची पद्धत शिकविली, तर आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हेही नंतर सिद्ध झाले. अर्थ इतकाच की, प्रेम आणि एकत्र राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही वेळा थोडे अंतर प्रेमाला टिकवून धरते. ज्या आईला मुलगा आठवड्यातून दोनदा भेटतो, तिला त्याच्याशी गप्पा मारता येतात. जिला तो चोवीस तास सांभाळावा लागतो, तिला अनेकदा फक्त सूचना देता येतात.

निवासाच्या पायऱ्या

घर आणि मनोरुग्णालय या दोनच टोकांचा विचार करण्याची सवय आहे. त्यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत.

पहिली पायरी घरीच राहण्याची, परंतु दिवसाचे काम घराबाहेर असण्याची. दिवस-केंद्र, कार्यशाळा किंवा नातेवाइकाच्या दुकानातील ठरावीक काम यांमुळे दिवसाला आकार येतो आणि आईलाही श्वास मिळतो. ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेचे ‘त्रिदल’ हे पुनर्वसन केंद्र अशा प्रयत्नांपैकी आहे. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने कुटुंबांचे स्वमदत गट उभे केले. महाराष्ट्रातील अशा गटांत आजारी व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात पडला. २००४ सालच्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटाने शुभंकराच्या भूमिकेतील बहिणीची ओढाताण घराघरांपर्यंत नेली.

दुसरी पायरी वेगळे, पण जवळ राहण्याची. त्याच इमारतीत किंवा गल्लीत एक खोली असावी, स्वतःची किल्ली असावी, एक वेळचे जेवण घरून यावे, आणि रोज एकदा कोणी तरी डोकावून जावे.

तिसरी पायरी गटनिवासाची. तीन ते पाच व्यक्ती एका साध्या भाड्याच्या घरात राहतात. स्वयंपाक, भाजी आणणे, झाडलोट वाटून घेतात. एक मदतनीस त्यांच्यासोबत राहते किंवा रोज येते. समाजकार्यकर्ता आणि डॉक्टर ठरावीक दिवशी येतात. चेन्नईतील ‘द बॅनियन’ या संस्थेची स्थापना वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये केली. तिने २०१५ पासून ‘होम अगेन’ या नावाने असे गटनिवास चालविले आहेत. वर्षानुवर्षे संस्थेच्या भिंतीआड राहिलेल्या स्त्रिया तेथे सामान्य वस्तीत, सामान्य घरात राहावयास गेल्या. शेजारी असणे, दारातून भाजीवाल्याशी घासाघीस करणे, आज काय रांधावे हे स्वतः ठरविणे, ही कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर न लिहिता येणारी गोष्ट आहे.

चौथी पायरी मध्यमार्ग निवासाची, म्हणजे हाफ-वे होमची. रुग्णालयातून निघालेल्या, परंतु घरी जाण्यास अद्याप तयार नसलेल्या व्यक्तीने काही महिने तेथे राहून दैनंदिन जीवनाचे शिक्षण घ्यावे, ही त्यामागील कल्पना. हा पूल आहे. पुलावर कायमचे घर बांधावयाचे नसते. म्हणून प्रवेश घेतानाच ‘येथून पुढे कोठे?’ हे विचारले पाहिजे.

पाचवी पायरी दीर्घकालीन निवासाची. ज्यांना सतत देखरेखीची गरज आहे आणि ज्यांच्या घरी ती देणारे कोणी उरलेले नाही, त्यांच्यासाठी ती आवश्यक ठरते. रुग्णालय हे मात्र निवासस्थान नव्हे. आजार तीव्रतेने उसळला असताना उपचारासाठी तेथे जावे आणि बरे वाटताच परत यावे.

या पायऱ्या एकाच दिशेने चढावयाच्या नाहीत. एखादी व्यक्ती गटनिवासात चार वर्षे सुखाने राहील, आजार उसळल्यास महिनाभर रुग्णालयात जाईल आणि पुन्हा गटनिवासात येईल. तिची खाट, तिची पेटी आणि तिचा कोपरा तोपर्यंत राखून ठेवला जाईल का, हा प्रश्न करार करतानाच विचारावा.

सामान्य वस्तीत अशी माणसे सामावतात काय, ही शंका घेणाऱ्यांनी बेल्जियममधील गील या गावाकडे पाहावे. तेराव्या शतकापासून तेथील कुटुंबे मानसिक आजार असलेल्या परक्या व्यक्तींना आपल्या घरात राहावयास घेत आली आहेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशा व्यक्तींची संख्या साडेतीन हजारांच्या पुढे गेली होती. गावकऱ्यांनी त्यांना रुग्ण न म्हणता घरी राहणारे पाहुणे मानले. ते शेतावर गेले, मुले खेळवली, एकाच घरात दशके राहिले. मात्र त्या व्यवस्थेच्या पाठीशी रुग्णालय आहे, घरी भेट देणाऱ्या परिचारिका आहेत आणि कुटुंबाला मिळणारा मोबदलाही आहे. केवळ सद्भावना पुरत नाही. तिच्या पाठीशी व्यवस्था लागते.

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येक मानसिक आजारी व्यक्तीला समाजात राहण्याचा, समाजापासून वेगळे न काढले जाण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही संस्थेत डांबून ठेवता येत नाही. मध्यमार्ग निवास आणि गटनिवास उपलब्ध करणे ही शासनाची जबाबदारी असल्याचेही तेथे नमूद आहे.

जबाबदारी लिहिली गेली म्हणजे ती पार पडली असे नव्हे. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही परत न्यावयास कोणी न आलेल्या व्यक्ती वर्षानुवर्षे राहत आल्या. त्यांतील काहींना भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलविण्यात येत असल्याचे समोर आले, तेव्हा जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनास ती पद्धत तत्काळ थांबविण्यास सांगितले. या आदेशातील बोध खासगी कुटुंबांना आणि दानशूर संस्थांनाही लागू पडतो. जुन्या इमारतीवर नवी पाटी लावल्याने ती घर होत नाही.

संस्था पाहावयास जाताना

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मानसिक आजारी व्यक्तींना ठेवलेल्या एका निवासाला पहाटे आग लागली. आतील माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जण मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेकांना घरच्यांनीच, बरे होतील या श्रद्धेने, तेथे आणून ठेवले होते. ही घटना स्मरणात ठेवूनच कोणत्याही निवासाचा उंबरठा ओलांडावा.

पहिली भेट वेळ ठरवून द्यावी, दुसरी न सांगता द्यावी. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहण्यास मागावे. मानसिक आजारी व्यक्तींना ठेवून घेणाऱ्या आस्थापनेस प्राधिकरणाकडे नोंदणी बंधनकारक आहे. साखळी घालण्यास कायद्याने पूर्ण बंदी आहे, तसेच एकांत कोठडीसही. केस जबरीने कापता येत नाहीत. स्वतःचे कपडे घालण्याची इच्छा असल्यास ती मानावी लागते. काम सक्तीने करवून घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. दूरध्वनी आणि भेटी यांचा हक्क असतो. हे सर्व कागदावर वाचण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावे. सर्वांचे केस एकाच पद्धतीने बारीक कापलेले आहेत काय? दुपारी अकरा वाजता माणसे काय करीत आहेत, की सर्व जण खाटांवर पडून आहेत? स्नानगृहाला आतून कडी आहे काय? रात्री किती कर्मचारी असतात? मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात, आणि ताप, मधुमेह, दातदुखी यांकडे कोण पाहते? तेथे राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी एकट्याने बोलू देतात काय? जी संस्था पहिले तीन महिने भेटण्यास मनाई करते, तिला कारण विचारावे, आणि कारण पटले नाही तर परत फिरावे.

आहार आणि व्रतांचा प्रश्नही आधीच बोलून घ्यावा. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरातील व्यक्तीला नव्या ठिकाणी ते पाळता येईल काय, हे विचारणे गैर नाही. धर्माचरणाची सोय हाही कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. परंतु औषधांची वेळ त्यात बसवावी लागते. काही औषधे अन्नासोबतच घ्यावी लागतात; रात्रीची गोळी सायंकाळी घेता येईल काय, हे डॉक्टरांनी ठरवावे. द्विध्रुवीय विकारासाठी लिथियम घेणाऱ्या व्यक्तीने पाणी वर्ज्य करणारा उपवास तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज कधीही करू नये. शरीरातील पाणी घटले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. पर्युषणात घरची मंडळी उपवास करीत असताना आजारी व्यक्तीलाही तो करावासा वाटतो. तिला दटावण्याऐवजी डॉक्टरांशी बोलून तिला झेपेल असे दुसरे व्रत सुचवावे.

त्याचा शब्द आणि कागदपत्रे

फसवून नेलेल्या माणसाचा दोन गोष्टींवरील विश्वास उडतो: नेणाऱ्यावरचा आणि त्या जागेवरचा. ज्याच्या आजारातच संशय हे लक्षण आहे, त्याला फसविणे म्हणजे त्याचा संशय खरा करून दाखविणे होय. म्हणून जागा त्याने स्वतः पाहावी. एक दुपार जाऊन यावे, मग एक रात्र राहावे, मग एक आठवडा. ‘नको’ म्हणाला तर का नको ते ऐकावे. कारण अनेकदा लहान असते आणि दूर करता येते: खोलीत पंख्याचा आवाज येतो, शेजारचा माणूस रात्री बोलत राहतो, बिडी ओढायला कोठे जागा नाही.

प्रकृती स्थिर असताना त्याच्याकडून आगाऊ निर्देश लिहून घ्यावेत. आजार उसळल्यास कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, हे सांगण्याचा हक्क अधिनियमाने दिला आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीही त्यानेच नेमावयाचा असतो. आई-वडिलांच्या वयाचा विचार करता तो पुढील पिढीतील असावा.

पैशाची व्यवस्था आई-वडिलांच्या हयातीत व्हावी. इच्छापत्र करावे, मोठी रक्कम थेट हाती देणे योग्य वाटत नसेल तर भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खासगी न्यास करून एकाहून अधिक विश्वस्त नेमावेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या योजना मात्र स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहेत. मानसिक आजार त्यांत येत नाही, आणि या गोंधळात अनेक पालकांची वर्षे वाया जातात. केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांच्या, मानसिक आजारामुळे उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्यास अटी पूर्ण झाल्यास आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव निवृत्तिवेतनधारकाने स्वतः हयातीत नोंदवून ठेवावे. आणि भावंडांना बोलावून स्पष्ट विचारावे. कोणी महिन्याचे पैसे देईल, कोणी पंधरवड्यातून भेटेल, कोणी कागदपत्रे पाहील. ‘आम्ही सर्व बघू’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘कोणीच बघणार नाही’ असा होतो.

घरात बोलणेही अशक्य झाले असेल, तर १४४१६ या क्रमांकावरील टेलि-मानस ही शासकीय सेवा, जी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, दिवस-रात्र निःशुल्क उपलब्ध आहे.

पुन्हा त्याच घरात

आता त्या कापडाच्या दुकानाच्या घरी परत यावे. समजा, बहिणीचा प्रश्न त्या दिवशी विरून गेला नाही. ठरविलेली गाडी रद्द झाली. वडिलांनी मुलाला समोर बसवून म्हटले, “माझा हात आता चालत नाही. तुझी आई थकली. तू पुढे कसे राहावेस, हे तुझ्याशी बोलावयाचे आहे.” मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला दुकानापासून लांब जायचे नाही.” वीस वर्षांत प्रथमच कोणी त्याला विचारले होते, आणि त्याच्याजवळ उत्तर होते.

त्या उत्तराने जागेचा शोधच बदलतो. दुसऱ्या जिल्ह्यातील संस्था मागे पडते. स्वमदत गटात भेटलेली आणखी तीन कुटुंबे पुढे येतात. डॉक्टरांचा आणि जाणकारांचा सल्ला घेतला जातो, नोंदणीविषयी प्राधिकरणाकडे विचारणा होते, दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर चौघांसाठी एक घर भाड्याने पाहिले जाते, एक मदतनीस नेमला जातो. पहिले महिने सोपे जात नाहीत. एकाला परत रुग्णालयात जावे लागते, शेजारी कुरकुर करतात, दूध नासते, गोळ्यांची डबी एकदा हरवते. तरीही रोज संध्याकाळी तो दुकानात ठाणे लावावयास येतो, आता एक तास नव्हे, तर तीन. आई एके सकाळी डबा घेऊन दाराशी उभी राहते, तेव्हा तो दार उघडून म्हणतो, “आई, आज भाजी आणायची पाळी माझी आहे. तू दुपारी ये.”

प्रत्येक घराची कथा अशीच सुखकर होईल असे आश्वासन कोणालाही देता येणार नाही. काहींना दीर्घकालीन निवासच लागेल, काहींना घरच पुरेल. परंतु निवड करण्याची वेळ मात्र सर्वांसाठी एकच आहे: आई-वडिलांचे हातपाय चालत आहेत तीच. ज्या सार्वजनिक न्यासांकडे रिकाम्या खोल्या आहेत, त्यांनी मोठी इमारत बांधण्यापूर्वी अशा चार माणसांसाठी एक साधे घर देण्याचा विचार करावा. आणि ते घर वस्तीत असावे, गावाबाहेर नसावे.

आज रात्री एखाद्या घरात दिवा मालवल्यावर तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल. तो उद्या सकाळी, दिवसाच्या उजेडात, ज्याच्याविषयी आहे त्याच्यासमोर विचारला जावा, एवढीच या व्याख्यानाची विनंती आहे.